कोपऱ्यातला खांब

आर्किटेक्ट केतकीमॅडमनी खांबावरचा रंगाचा जाड पोपडा ओढला आणि आतला सागवानी मोर उघडा झाला. डोळा, तुरा, पिसाऱ्यातलं एकेक पीस. जुन्या मंडईची दुरुस्ती बघायला जमलेल्या भाजीवाल्या टाचा उंचावून पुढे सरकल्या.

"दीडशे वर्षांपूर्वीचं कोरीवकाम!" मॅडम म्हणाल्या. "पण या खाचांत ही लांबी, ही पुट्टी, कुणी भरली?"

"मी," मागून बाबालालचाचा म्हणाले. नगरपालिकेचे जुने पेंटर. तीस वर्षं दर दिवाळीआधी हे खांब त्यांनीच रंगवले होते. "रंगाचे थर माझ्या आधीपासूनचे. मला वाटायचं, लाकूड किडलंय, खड्डे पडलेत. लांबी भरून आरशासारखं गुळगुळीत करायचो. शाल-नारळ मिळालाय मला त्याबद्दल."

चाचांनी चष्मा पुसला आणि मोराच्या मानेवरून बोट फिरवलं. बोट तिथेच थांबलं.

"एवढा देखणा," ते पुटपुटले, "माझ्या हाताखाली होता?"

"अजून अकरा खांब आहेत, चाचा. आता कुठला उघडू?"

"तो कोपऱ्यातला," चाचा ताबडतोब म्हणाले. "त्या एकट्याने माझी चार डबे लांबी खाल्ली होती."