पाहुण्यांपुढचा आवाज

"ही कोण बाई बोलतेय?" कंडक्टरबाईंनी विचारलं.

"तुम्हीच, काकू," समोर बसलेली चष्मेवाली तंत्रज्ञ हसून म्हणाली. "सकाळपासून तुम्ही वाचलेल्या वाक्यांवरून मशीननं तुमचा आवाज बनवलाय. आता टॅबवर काहीही टाइप करा, ते तुमच्या आवाजात बोलेल."

तिनं पुन्हा बटण दाबलं. "नमस्कार. मला बरं वाटत आहे. आपण कसे आहात?" टॅब म्हणाला.

"किती गोड!" शेजारी बसलेली त्यांची मुलगी म्हणाली. तिचे डोळे भरून आले.

कंडक्टरबाईंची मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. उद्या सकाळी घशाचं ऑपरेशन होतं. गाठीबरोबर आवाजही जाणार, कायमचा, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. आणि उरलेलं आयुष्य आपल्या वतीनं ही गुळमुळीत बाई बोलणार? रोज सकाळी पेपर उघडून नवऱ्याशी ही भांडणार? तो बिचारा घाबरूनच जाईल.

चूक कुठे झाली ते त्यांना लगेच कळलं. सकाळपासून त्या पाहुण्यांपुढे बोलतात तशा बोलल्या होत्या. आठवडाभर मुलगी पढवत होती ना! आई, हळू. आई, नीट. आई, तिथे वाद घालू नकोस. तिला शाळेत असल्यापासून या आवाजाची लाज. बसच्या मागच्या दारातून थेट ड्रायव्हरच्या कानात शिरणारा आवाज तो, शाळेच्या फाटकावर काय लपणार! उभ्या जन्मात आईनं एकदाच लेकीचं ऐकलं, ते नेमकं आज.

"पुसून टाक हे सगळं," त्या म्हणाल्या. "मी परत बोलते."

"अहो काकू, संध्याकाळी तुम्हाला भरती व्हायचंय. घशाला ताण पडेल."

"उद्यापासून त्याला आरामच आहे. लाव मशीन."

"बरं, मग वाक्यं परत स्क्रीनवर..."

"तुझी वाक्यं नकोत. म्हणे, 'कृपया पंखा लावता का?' पंख्यासाठी कृपया म्हणणारी बाई आमच्या घरात नाही. माझं मी बोलते."

"कशावर बोलाल?"

"कशावर नाही, ते विचारा," मुलगी पुटपुटली.

लाल दिवा लागला. कंडक्टरबाई खुर्चीतून उठल्या. बसून त्यांना कधी बोलताच आलं नव्हतं.

"आमच्या थांब्यावर पुढाऱ्यानं बाक दिलाय. बसायला जागा वीतभर आणि त्यावर नाव हातभर! परवा मी त्या नावावर टेकले, तर त्याचा माणूस धावत आला. म्हटलं, बाबा, मत दिलंय, आता टेकू तरी दे! बँकेत जावं तर म्हणतात ॲपवर जा. ॲपवर जावं तर ते म्हणतं, शाखेत या. मधल्या मध्ये माणूस फुटबॉल. आणि बसमध्ये गरोदर बाई चढली रे चढली, की सगळ्या गाडीला झोप लागते. असे झोपलेले मी नोकरीभर उठवले. आता तिकिटाचं मशीन बसवलंय. चांगलं आहे, सुट्ट्यांवरून भांडत नाही. पण त्या झोपलेल्यांना ते उठवणार आहे का? बोला ना, उठवणार आहे का?"

"आई, हळ..." मुलगी सवयीनं म्हणाली आणि गप्प झाली.

कंडक्टरबाईंना ठसका लागला. त्यांनी पाण्याचा घोट घेतला, गळा दाबून धरला. त्यांना भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती, आणि ती सगळी भीती त्यांनी त्या दिवशी सरकारवर काढली. पाणीपुरवठ्यावर काढली. लग्नातल्या ड्रोनवर काढली. जेवताना फोन बघणाऱ्या जावयावरही थोडी काढली. आवाज चिरकला तरी थांबल्या नाहीत. शेवटी घसा पार बसला तेव्हा त्यांनी सवयीनं हात वर करून घंटीची नसलेली दोरी दोनदा ओढली.

"पुरे, काकू," तंत्रज्ञ म्हणाली. तिनं चष्मा काढून पुसला. "मशीनला आता भरपूर मिळालंय."

नवा आवाज तयार व्हायला वेळ लागला. तिघींनी दार उघडं टाकून चहा घेतला. मग टॅब समोर आला. कंडक्टरबाईंनी चष्मा नाकावर ओढला आणि एका बोटानं, अक्षर शोधत शोधत, टाइप केलं. मुलगी वाचायला वाकली, तर त्यांनी तिला कोपरानं मागे सारलं. आणि बटण दाबलं.

"या मशीनमध्ये काही राम नाही!" टॅब गरजला. "माणसाच्या तोंडाला कधी वायर लागत नव्हती. आता भांडायचं म्हटलं तरी आधी चार्जिंग बघा!"

तीच खरखर, तोच ठसका, शेवटच्या शब्दावर तीच फेक. तंत्रज्ञाच्या कपातला चहा हिंदकळला. बाहेरून जाणारी नर्स दारात थबकली.

"अहो, जरा हळू!" ती म्हणाली. "दवाखाना आहे हा."

मुलीनं चटकन टॅब उचलला. कंडक्टरबाई तिच्याकडे बघत राहिल्या. आता ही आवाज कमी करणार, हे त्यांना ठाऊक होतं.

तिनं तो वाढवला, आणि पुन्हा बटण दाबलं.