खाऱ्या माळावरचा फलक

केंटकीतल्या त्या माळावर एके काळी जनावरं खारट माती चाटायला यायची. आता तिथे नुसता जागेचा इतिहास सांगणारा बिडाचा नवा फलक उभा होता. गुलामीत तिथे मीठ कढवणाऱ्या खापरपणजीचं, हेस्टरचं, नाव त्यावर यावं म्हणून डेल्फियाच्या घरच्यांनी वर्षानुवर्षं भांडण केलं होतं. आज दुपारी अनावरण, आणि अक्षरं काळ्या रंगाने उठवायचं काम डेल्फियाकडे!

पण रंग टिकेल तर शप्पथ! अक्षरं पुन्हा पुन्हा ओली होत होती. पाणी नव्हे, लाळ! कोमट, चिकट, तार धरणारी, आणि आंबलेल्या चाऱ्यासारखी घाणेरडी. हेस्टरचं नाव तिच्यात पार वाहून जायचं.

"ई! मामा, हे कोणीतरी चाटतंय!"

"हरणं असतील गं," वर्जिलमामा खुर्च्या मांडता मांडता हसला. "तुझ्या रंगाला चव असेल."

"हरीण मला दिसणार नाही? मी इथेच उभी आहे ना!"

तिने पुन्हा चिंधी फिरवली, पुन्हा रंग दिला. घामाने ती निथळत होती. ओठांवर आलेला घाम खारट लागला.

या वेळी रंग टिकला. हेस्टरचं नाव काळंभोर, कोरडं ठणठणीत.

"जमलं, मामा! बघ तरी!"

मामाने वळून पाहिलं आणि त्याचं हसू विरलं.

"डेल्फी, तुझी मान कशाने भिजली गं?"

तिने मागे हात नेला. केस एका बाजूला चापून बसले होते. हात काढला तर बोटांना तार आली.

तेवढ्यात तिच्या कानामागून काहीतरी कोमट, खरखरीत, सावकाश वर सरकलं.