आठ बूट

देवळालीतल्या साहेबाच्या बंगल्याची हिरवळ राखायचा मक्ता कुसाबाईकडं होता. एक जरी खूर उमटला तर मक्ता गेला, अशी साहेबाची तंबी. म्हणून रोलर ओढणाऱ्या बैलांना ती चामड्याचे बूट घालायची. जुनी लॉरी विकायला आलेला शेठ बुटांची रांग बघून खदाखदा हसला. “जनावरं कसली नटवतेस? लॉरी घे, मागं ट्रेलर जोड, रोलर त्याला बांध.” “हिरवळीला आत्ताच पाणी दिलंय, शेठ. लॉरी फाटकाबाहेर ठेवा.” “बाईमाणसानं मोटारीतलं शिकवू नये!” म्हणत त्यानं लॉरी हिरवळीवर घातलीच. दहा हातांवर चाकं रुतली. “कुसाबाई, तुमचे बैल लावा की,” शेठ नरमला. तिनं सावकाश आठही बूट चढवले, बैल जुंपले, लॉरी बाहेर ओढली. बैल मात्र सोडले नाहीत. “मागं ट्रेलर जोड म्हणालात ना? ही बैलांमागं तुमची लॉरीच जोडली. हिरवळ परत उगवस्तोवर मिळायची नाय.”