चिऊची खोली

गावातल्या लोकांच्या देणग्या सांभाळणाऱ्या संस्थेतली ताई त्या दिवशी काकूंकडे जवळजवळ पळतच आली. लेक एका आजारानं गेल्यावर काकूंनी तिच्या नावानं संस्थेकडे ठेव ठेवली होती. तिच्या व्याजावर दवाखान्यात, त्याच आजाराच्या मुलांसाठी खेळायची खोली चालायची. दारावर पाटी होती, 'चिऊची खोली'.

"काकू, खोली बंद करतोय," ताई हसत म्हणाली. "नवीन औषध आलंय ना! मुलं ठणठणीत होऊन घरी जातात, खेळायला थांबतंय कोण! आता ते पैसे कुठल्या कामाला लावायचे, तुम्हीच सांगा."

"सगळी बरी होतात?"

"एकूण एक!"

"सोन्यासारखी बातमी आणलीस गं. थांब, चहा टाकते."

बराच वेळ झाला तरी आत कपबशी वाजेना, म्हणून ताई डोकावली. गॅस पेटवलेलाच नव्हता. भांड्यात नुसतं पाणी होतं आणि काकू त्याच्याकडे बघत उभ्या होत्या.

"ते औषध कडू असतं का गं?"

"नाही काकू, गोड आहे."

"मग घेतलं असतं गं तिनं."