लपवलेला ताप

सांगलीचा स्टँड जवळ आला तशी साळूबाईनं नवऱ्याला तापाची आणखी एक गोळी चारली. कपाळाला हात लावला. चटका अजून होताच.

"आवं, दवाखान्यात तापाचं नाव काढायचं न्हाई," ती पुटपुटली. लालासाहेबानं मान हलवली.

पलटणीतून सुटून आल्यावर लालासाहेब कोरेगावाला आपला ऊस बघत होता. चौऱ्याहत्तर साली त्याच्या टाचेवर काळा डाग उठला. कातडीचा कॅन्सर निघाला. डाग कापला, तर मांडीपर्यंत गाठी आल्या. मुंबईहून आणवलेल्या कॅन्सरच्या सुयांनी त्या विरल्या आणि सहा महिन्यांत पुन्हा वर आल्या. मग त्याच सुया कितीही दिल्या तरी गाठी ढिम्म. शेवटी लिमये डॉक्टरांनी क्षयाची लस थेट गाठींतच टोचली.

"नवीन उपाय आहे. ताप आला तर मला सांगायचं. यानंही भागलं नाही, तर पाय मांडीतून काढावा लागेल."

साळूबाईच्या डोक्यात दोनच शब्द राहिले. ताप आणि पाय. ताप आला म्हणजे पाय गेला. "पाय काढला तर मला घरी नेऊ नगंस," नवरा म्हणाला होता. म्हणून चार दिवस तिनं शेजारच्या बनुबाईलासुद्धा तापाचा पत्ता लागू दिला नव्हता.

दवाखान्यात डॉक्टरांनी गाठी चाचपल्या. जराशी लाली होती. ती सुईचीही असेल.

"ताप?"

"न्हाई सायेब. येक दिस बी न्हाई."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग नर्सकडं न बघताच म्हणाले, "ऑपरेशनची तारीख बघा. पाय काढू."

लालासाहेबानं भिंतीकडं तोंड फिरवलं. साळूबाई टेबलापाशी सरकली. खोटं बोलूनही पाय जातच होता.

"सायेब, खोटं बोलली मी. ताप हाय. चार दिस झालं, रोज थंडी भरून येतोय. गोळ्या चारून आणलंय त्यास्नी."

आता खेकसतील म्हणून तिनं मान खाली घातली. डॉक्टर खुर्चीतून उठले. लालासाहेबाच्या कपाळावर हात ठेवून तसेच उभे राहिले.

"तारीख राहू द्या," ते नर्सला म्हणाले. मग साळूबाईकडं वळले.

"बाई, लस लागू पडली की ताप येतो. याच तापाची तर मी वाट बघत होतो."