दहापैकी चार

चार शब्द आले आणि मर्विन हॅल्कोम अडकला. डॉक्टरबाईंनी दहा शब्द वाचून दाखवले होते, त्याला पाच मिनिटंही झाली नव्हती. साखर, कोपर, लोकर, बोट... पुढे काही म्हणजे काही नाही. कपाळाला घाम फुटला. त्याने डोळे मिटले, ओठ हलवून पाहिले.

"राहू दे," शेवटी बाईच म्हणाल्या. मग त्यांनी त्याला महिने उलटे म्हणायला लावले, एका पायावर उभं केलं आणि जुने कागद काढले.

मर्विन चौतीस वर्षांचा. चौदा हंगाम रग्बीच्या स्क्रममध्ये, दोन्ही संघ डोकी खुपसून एकमेकांना रेटतात तिथे, पहिल्या रांगेत मान घालून घालून त्याच्या कानांचा पार चेंदा झाला होता. गेल्या शनिवारी समोरच्याचा गुडघा कानशिलावर बसला आणि तो आडवा झाला. यंदाची ही तिसरी वेळ. आज नापास झाला की रग्बी संपली. आणि रग्बी सोडली तर त्याला दुसरं येत काय होतं, कप्पाळ! येत्या शनिवारी उपांत्य सामना होता, आणि तो खेळला तरच पुढच्या वर्षीचा करार.

आता यातली गंमत अशी, की हीच परीक्षा दर जुलैत, डोकं शाबूत असताना घेतात. पुढे कुणाला मार लागला की त्या जुलैच्या गुणांशी ताडून बघतात. म्हणून जुलैत सगळा संघ मुद्दाम ठोंब्या बनायचा. मर्विनला ही अक्कल डेन्झिलने शिकवली होती. डेन्झिल हा संघाचा हूकर, म्हणजे स्क्रमच्या पहिल्या रांगेत मधोमध, त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहणारा. "जुलैत हुशारी पाजळलीस, तर डिसेंबरात घरी बसशील, लेका!"

बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"जुलैत दहापैकी चार, आजही चार. बाकीचंही ठीक आहे. तसूभर फरक नाही, मर्विन. खेळ शनिवारी."

बाहेर डेन्झिल चहाचे दोन मग घेऊन ताटकळत उभा होता. बातमी कळताच त्याने मग खिडकीत ठेवले आणि मर्विनच्या पाठीत सणसणीत रट्टा घातला.

"वा रे पठ्ठ्या! माझ्या युक्तीने पुन्हा तारलं की नाही? काढ आता बिअर!"

मर्विन हसला नाही. तो भिंतीला टेकून हळूच बाकावर बसला.

"जुलैत मला दहाच्या दहा आठवत होते, डेन. सहा मी गिळले."

"मग? सगळेच गिळतात."

"आज एकही गिळला नाही रे."