गनिमाच्या सोंगट्या

"आरं, वेढा घालायला एक तरी बसा की," राजारामपुरीतल्या खेळण्यांच्या दुकानात नागसेननं हात जोडले. पोरं व्हिडिओ गेमकडं पळाली म्हणून त्यानं किल्ल्याचा पटावरचा खेळ स्वतः बनवला होता. तोही चालला नाही, तर महिनाअखेर दुकान बंद.

"मी गनीम झालो तर घरात घेतील काय, दादा?" एक पोरगं म्हणालं. सगळ्यांना मावळेच व्हायचं होतं.

शेवटी नागसेननं गनिमाच्या सोंगट्याही भगव्या रंगवल्या. "घ्या, आता दोन्हीकडं मावळंच हाईत."

दोघं बसले. पहिला फासा पडायच्या आत एकानं दुसऱ्याची कॉलर धरली. "खरं मावळं आमचं. तुझं फितूर हाईत."

दुकान वाचलं. पुढच्या रविवारी बाहेर रांग लागली. प्रत्येकाला फितूर हाणायचा होता.